डाव्या पायाला सुट्टी, घाटाला नाही

‘ही कसली गाडी? चार चाकांची स्कूटी आहे ही!’

आमच्या घरी सेकंडहँड छोटी ऑटोमॅटिक गाडी आली त्या संध्याकाळी, पेढा तोंडात टाकता टाकता शेजारच्या दादाने हे ऐकवलं. दादा पिकअप चालवतो, पहाटे भाजी घेऊन वाशीला जातो, त्यामुळे गाड्यांच्या बाबतीत गल्लीत त्याचा शब्द शेवटचा. सगळे हसले. बाबाही हसले. आई नाही हसली, कारण गाडी तिच्यासाठी घेतली होती.

हे वाक्य तुम्हीही कुठे ना कुठे ऐकलं असेल. कॉलेजच्या पार्किंगमध्ये, आसनगावच्या फलाटावर, नाहीतर घरात जेवताना. ‘गिअर जमत नाहीत म्हणून ऑटोमॅटिक.’ ‘लेडीज गाडी.’ ‘सिटीत ठीक आहे, आपल्याकडे काय कामाची?’ पहिली दोन वाक्यं सोडून द्या. तिसऱ्यात मात्र दम आहे आणि आज त्याच्याबद्दलच बोलायचंय. कारण घरात गाडी घ्यायचं ठरलं की मोबाइलवर दहा व्हिडिओ बघून आईबाबांना सल्ला देणारे आपणच असतो. त्या व्हिडिओंतले रस्ते गुळगुळीत, सरळ आणि सपाट. आपला रस्ता किन्हवली-सरळगावचा, नाहीतर कसाऱ्याचा आणि माळशेजचा.

आधी हे प्रकरण सुरू कुठून झालं ते बघू. छोटी ऑटोमॅटिक गाडी आपल्याकडे पूर्वीही मिळायची, पण तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर असायचा. चालवायला मऊ, पण महाग आणि पेट्रोल पिणारी. मध्यमवर्गीय घरात मायलेज हा पहिला प्रश्न, त्यामुळे विषय तिथेच संपायचा. फेब्रुवारी 2014मध्ये दिल्लीजवळच्या ऑटो एक्स्पोत मारुतीने सेलेरिओ आणली आणि हा हिशोब बदलला. 998 सीसीचं साधं तीन सिलिंडरचं इंजिन, पण सोबत एएमटी. म्हणजे गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लचही नेहमीचाच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तुमच्या पायाहाताऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारी एक यंत्रणा करते. ही यंत्रणा मॅग्नेटी मारेल्ली या इटालियन कंपनीची. कंपनीने सांगितलेलं मायलेज मॅन्युअललाही लिटरला 23.1 किलोमीटर आणि ऑटोमॅटिकलाही 23.1. लोकांनी गाडीसाठी रांग लावली. पाठोपाठ अल्टो के10, क्विड, टियागो, वॅगन आर सगळ्यांत एएमटी आली.

यात एक मराठी मातीतला अध्यायही आहे. नॅनो पुण्यात घडली, गिरीश वाघ यांच्या टीमने घडवली. भर पावसात स्कूटरवर चाललेलं चौघांचं कुटुंब बघून रतन टाटांना ती सुचली, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल. 2015मध्ये त्याच नॅनोत एएमटी आली. तीन लाखांच्या आत ऑटोमॅटिक, अवघी 624 सीसी! आज विचार केला तर दोन चाकांवरून चार चाकांवर येणाऱ्या घरासाठी याहून सोपी गाडी कुठली असणार? पण तोवर ‘सगळ्यात स्वस्त गाडी’ हा शिक्का इतका पक्का बसला होता की लोकांना ती दारात उभी करायची लाज वाटायची. 2018मध्ये तिचं उत्पादन जवळपास थांबलं. सगळ्यात स्वस्त म्हणून ती विकायला नको होती, हे टाटांनी स्वतःच नंतर बोलून दाखवलं. तेव्हा ‘स्कूटी’ म्हणून हसणाऱ्या दादाला हलक्यात घेऊ नका. हसण्याने गाड्या बंद पडतात, आणि गाडी चालवायला निघालेली माणसंही परत घरात बसतात.

माझी आई तशीच बसली होती. तिच्याकडे बारा वर्षांपासून लायसन्स आहे. मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये पैसे भरून, आरटीओत आठचा आकडा काढून मिळवलेलं. त्यानंतर बाबांच्या मॅन्युअल गाडीवर दोन वेळा बसली. बाजूला बाबा, ‘क्लच सोड, हळू सोड, अगं सोड म्हणजे एकदम नाही!’ गाडी चौकात बंद पडली, मागून हॉर्न सुरू झाले, आणि लायसन्स कपाटातल्या फाइलमध्ये गेलं ते गेलंच. तुमच्या घरी असं लायसन्स आहे का, बघा जरा. आईचं, मावशीचं, मोठ्या ताईचं. मला वाटतं शहापूर-मुरबाडमध्ये अशी लायसन्सं ढिगाने निघतील.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावर. सकाळी एसटी मिळते. संध्याकाळची चुकली की काळीपिवळी जीप, तीही भरेपर्यंत हलत नाही. मुंबईत लोक ‘लास्ट लोकल’ म्हणतात ती रात्री एक वाजता. आपल्याकडे लास्ट गाडी दिवे लागायच्या आधीच निघून जाते. मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही, कल्याण गाठायचं तरी रस्ताच. अशा ठिकाणी स्वतःची गाडी स्वतःला चालवता येणं ही चैन राहत नाही.

ऑटोमॅटिक आली आणि आई आठ दिवसांत रस्त्याला लागली. जादू काहीच झाली नव्हती. तिला स्टिअरिंग येत होतं, आरसे बघता येत होते, ब्रेकचा अंदाज होता. फक्त डावा पाय, डावा हात आणि मागचा हॉर्न या तिघांचं गणित एकाच वेळी सुटत नव्हतं. ते गणितच पेपरातून काढून टाकलं. आता बाबांची तक्रार वेगळी आहे. ती उशिरा येते. शाळेतली मीटिंग संपेपर्यंत थांबते, येताना मैत्रिणीकडे चहाला उतरते. पूर्वी चार वाजल्यापासून तिची नजर घड्याळावर असायची.

या गाडीचं पहिलं बलस्थान मी म्हणूनच मायलेजमध्ये किंवा ट्रॅफिकमध्ये मोजत नाही. चालवणारी माणसं वाढतात, हे ते बलस्थान. गुडघे दुखणारे आजोबा, डाव्या पायात अधूपणा असलेला मित्र, वयाच्या पंचेचाळिशीत शिकणारी काकू. भिवंडी बायपासला किंवा कल्याणच्या शिवाजी चौकात तासभर अडकून पडलं की तिचं मोल दादासारख्या पक्क्या ड्रायव्हरलाही कळतं, तो भाग वेगळा.

आता त्या तिसऱ्या वाक्याकडे. आपल्याकडे काय कामाची?

पावसाळ्यातला एक रविवार. गाडीत आम्ही चौघं आणि मागे मामाकडून आणलेलं तांदळाचं पोतं. शाळेच्या अलीकडे एक चढ आहे, वळणावरच. समोरून ट्रॅक्टर आला म्हणून आईने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर गेला, तिने ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटर दाबायला पाय उचलला, आणि गाडी मागे जायला लागली. फूटभर, दोन फूट. मागे बाइकवर एक जोडपं. मी किंचाळले, आईने परत ब्रेक मारला, बाइकवाल्याने पाय टेकवून बाइक मागे घेतली. काही झालं नाही. पण गाडी घेताना शोरूममध्ये ज्याने ‘चढावर काही टेन्शन नाही मॅडम’ असं सांगितलं होतं, त्याची मला त्या क्षणी फार आठवण आली.

हे का होतं ते समजून घ्या, कारण ते समजलं की भीती जाते. मॅन्युअल गाडीत चढावर आपण क्लच अर्धा सोडून गाडी तोलून धरतो. एएमटीत तो क्लच तुमच्या पायात नाही. ब्रेकवरचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जाईपर्यंत यंत्रणेला क्लच पकडायला क्षणभर लागतो, आणि भरलेली गाडी तेवढ्यात मागे घरंगळते. उपाय जुनाच आहे: हँडब्रेक ओढा, अ‍ॅक्सिलरेटर द्या, गाडीने जोर धरला की हँडब्रेक सोडा. आता बऱ्याच छोट्या गाड्यांत ‘हिल होल्ड’ येतं, ते ब्रेक सोडल्यावरही गाडीला दोनेक सेकंद धरून ठेवतं. सेकंडहँड घेत असाल तर ते आहे का, हे पहिलं विचारा. गाण्यांचा टचस्क्रीन नंतर. आणि एक करू नका. कसारा घाटात ट्रकच्या मागे रांगेत उभं असताना नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. आतला क्लच तेवढा वेळ घासत असतो, तापतो, मग जळका वास येतो, आणि त्या क्लचचं बिल तुमच्या सेमिस्टरच्या फीच्या शेजारी उभं राहतं.

चढ एकवेळ परवडला. मला जास्त भीती ओव्हरटेकची वाटते, आणि ती वाटावी असं तुम्हालाही सांगायचंय, कारण ओव्हरटेक आपल्या वयाची मुलंच जास्त करतात. टोकावड्याच्या पुढे माळशेजकडे जाताना समोर डंपर, तुम्ही 60च्या वेगात. रस्ता मोकळा दिसला म्हणून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. मॅन्युअलमध्ये तुम्ही आधीच तिसरा टाकून तयार असता. इथे गाडीला तुमचा इरादा दाबल्यावर कळतो. मग ती क्लच सोडणार, गिअर खाली आणणार, क्लच पकडणार. मधल्या वेळात जोर गायब, आणि सगळ्यांच्या माना एकदम पुढे. तो ‘डुलका’ शहरात फक्त गमतीचा वाटतो. पण 60च्या वेगात एका सेकंदात गाडी सुमारे 17 मीटर पुढे जाते, आणि समोरचा ट्रक त्याच वेगात असेल तर तोही तुमच्याकडे 17 मीटर आलेला असतो. हजार सीसीच्या इंजिनात आधीच ताकद बेताची. त्यात चौघं बसलेले आणि एसी चालू.

याचंही उत्तर गाडीतच आहे, पण निम्म्या लोकांनी त्याला हात लावलेला नसतो. लिव्हर डीवरून बाजूला ढकलला की एम येतो. गिअर तुमच्या हातात, क्लच अजूनही गाडीकडे. डंपरच्या मागे असतानाच एममध्ये एक गिअर खाली घ्या, इंजिनचा आवाज वाढू द्या, मग बाहेर पडा. आणि आवाज वाढूनही जोर मिळत नसेल तर डंपरच्या मागेच राहा, भजी खायला पाच मिनिटं उशिरा पोहोचाल.

हाच एम उतारावर जीव वाचवतो. माळशेज उतरताना धुकं, ओला रस्ता, आणि गाडी डीमध्ये सोडलेली. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही म्हणून गाडी वरचा गिअर पकडते, वेग वाढतो, तुम्ही ब्रेक दाबता, परत वाढतो, परत दाबता. खाली येईपर्यंत ब्रेक तापून ढिले. एम, दुसरा किंवा तिसरा गिअर, आणि इंजिनलाच वेग धरून ठेवू द्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून घाट उतरणारे महाभाग आपल्याकडे आहेत, त्यांच्या गाडीत बसू नका. मित्र असला तरी.

बाकीच्या उणिवा लहान, पण खेड्यात चटका देणाऱ्या. बॅटरी उतरली तर चार पोरं बोलावून धक्का मारून गाडी चालू करायची सोय नाही. आमच्यावर ही वेळ आली तेव्हा पोरं जमली, बाह्या सरसावल्या आणि नुसतीच उभी राहिली. शेवटी दादाच्या पिकअपच्या बॅटरीला वायर लावून चालू केली. त्यावर तो काय बोलला ते इथे छापता येणार नाही. बहुतेक एएमटी गाड्यांत पार्किंगचा पी नसतो, म्हणून हँडब्रेक न चुकता ओढायचा. गिअरची यंत्रणा रुसली तर नाक्यावरचे गॅरेजवाले काका हात वर करतात, त्यांच्याकडे ते तपासायचं मशीन नाही, आणि गाडी कल्याण किंवा ठाण्याला न्यावी लागते. मॅन्युअलपेक्षा किंमत साधारण पन्नासेक हजारांनी जास्त. 22 सप्टेंबर 2025पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28वरून 18 टक्क्यांवर आला आहे, त्यात हा फरक पचतो असं घरच्यांना सांगायला हरकत नाही.

पण वाचलेले पैसे कशात घालायचे, तिथे माझा हट्ट आहे. 2020मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये टियागोला चार स्टार मिळाले आणि एस-प्रेसोला शून्य. 2023मध्ये वॅगन आरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एक आणि अल्टो के10ला दोन. त्यानंतर गाड्यांमध्ये एअरबॅग वाढल्या, ऑक्टोबर 2023पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणीही सुरू झाली. तरी ‘छोटी गाडी, गावात तर फिरवायची’ म्हणून आपण हा आकडा विचारतच नाही. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025ला सुरू झाला, तो आपल्याच तालुक्यातून जातो. तिथे 120ची मर्यादा आहे. गावात फिरवायची गाडी एका रविवारी त्या रस्त्यावर जाणारच, आणि तेव्हा तिच्यात मागे आजी बसलेली असेल. बेल्ट न लावता.

इलेक्ट्रिकचं काय, असं कुणी विचारेल. कॉमेट, टियागो ईव्ही यांत गिअर बदलायची भानगडच नाही, त्यामुळे डुलकाही नाही आणि चढावर जोरही ताबडतोब मिळतो. 17.3 युनिटच्या बॅटरीची कॉमेट कंपनीच्या आकड्यानुसार 230 किलोमीटर जाते. रोजच्या शाळेसाठी भरपूर. फक्त आपल्याकडे पहिल्या पावसात वीज किती वेळ जाते हे तुम्हाला मी सांगायला नको. सीएनजी आणि ऑटोमॅटिक एकत्र हवं तर टियागोने ते 2024मध्ये देशात पहिल्यांदा आणलं, पण गॅसवर चढाला जोर आणखी कमी, हे लक्षात ठेवा.

मग घ्यावी का? माझं उत्तर हो आहे, पण टेस्ट ड्राइव्ह हायवेच्या सरळ पट्ट्यावर संपवू नका. सेल्समनला म्हणा, गाडीत चार माणसं बसवतो आणि चढावर थांबवून परत काढतो. ज्या माणसासाठी गाडी घेताय त्यालाच स्टिअरिंगवर बसवा. आमच्या वेळी बाबांनीच चालवून बघितली आणि आई मागे बसली होती. आता आठवलं की मलाच लाज वाटते.

तुम्ही स्वतः शिकत असाल तर मात्र मॅन्युअलवर शिका. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं. आपल्याकडे कारसाठी तसा भेद नाही, एकच लायसन्स दोन्हीला चालतं. म्हणजे ऑटोमॅटिकवर शिकलेला मुलगा उद्या कायद्याने पिकअपवरही बसू शकतो, आणि चढावर थांबला की त्याचं काय होईल ते दादाला विचारा. आपल्यापैकी अनेकांना पुढे टेम्पो, जीप, कुणाची तरी गाडी चालवावी लागेल. आपल्याकडे शिकायला वय आहे, वेळ आहे. आईला मात्र ही परीक्षा पास झाल्याशिवाय किल्ली मिळणार नाही असं म्हणायचा हक्क कुणालाच नाही.

आणि ऑटोमॅटिक म्हणजे चालवता न येणाऱ्याची गाडी, असं वाटत असेल तर आमच्या बाबांना एकदा स्टिअरिंगवर बघा. पंचवीस वर्षं मॅन्युअल चालवल्यामुळे गाडीचा वेग कमी झाला की त्यांचा डावा पाय आपोआप क्लच शोधायला पुढे जातो. तिथे क्लच नसतो, रुंद ब्रेक असतो. पाय सगळ्या ताकदीने त्याच्यावर पडतो, गाडी जागच्या जागी थांबते आणि मागचं तांदळाचं पोतं पुढे येतं. आई बाजूच्या सीटवर असते. आवाज न चढवता म्हणते, ‘अहो, डावा पाय मागे घ्या.’